झेड चॅनेल : एका शहरापुरती वाहिनी

२९ जून १९८९ या दिवशी लॉस एंजेलिसमधल्या झेड चॅनेलने आपला शेवटचा चित्रपट दाखवला. जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन', १९४६ सालचा, कृष्णधवल. त्यानंतर त्याच केबलवर, त्याच जागी 'स्पोर्ट्सचॅनेल लॉस एंजेलिस' सुरू झालं. झेडचे वर्गणीदार ऐन भरभराटीच्या काळातही लाखभराच्या आसपासच होते. शहराच्या काही भागांतच दिसणारी ही वाहिनी पंधरा वर्षं चालली आणि बंद पडली. चित्रपटाची अखंड आवृत्ती शोधून दाखवणं, पडद्याचा मूळ आकार राखणं, एकेका दिग्दर्शकाचे चित्रपट सलग लावणं, पडलेल्या चित्रपटाला पुन्हा उभं करणं, या गोष्टी आज आपण गृहीत धरतो. टीव्हीच्या पडद्यावर त्या नेमाने करणाऱ्या पहिल्या काही जागांमध्ये झेड होती.

झेडची हकीकत बहुतेक वेळा जेरी हार्वी या एका झपाटलेल्या माणसाची हकीकत म्हणून सांगितली जाते. हार्वी नसता तर झेड ही झेड झाली नसती, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर ती का उभी राहू शकली आणि का टिकली नाही, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. झेड एका शहराची वाहिनी होती, आणि ते शहर हॉलीवूडचं होतं.

डोंगर, तार आणि ग्राहक

लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात टेकड्या आहेत. टीव्हीचे प्रक्षेपण मनोरे शहराच्या दुसऱ्या अंगाला, माउंट विल्सनवर. टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या घरांत ॲन्टेनावर चित्र धड येत नसे, म्हणून तिथे केबलला गिऱ्हाईक होतं. थीटा केबल ही कंपनी या भागाला केबल पुरवत होती. टेलिप्रॉम्प्टर ही केबल कंपनी आणि ह्यूज एअरक्राफ्ट यांचा तो संयुक्त धंदा. १९७४ मध्ये थीटाने आपल्या ग्राहकांसाठी एक जादा वाहिनी काढली, महिन्याला वेगळी वर्गणी भरून बघायची, जाहिराती नसलेली, फक्त चित्रपटांची. तीच झेड.

पैसे भरून बघायचा टीव्ही तेव्हा अगदी नवा होता. एचबीओ १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या गावात सुरू झालं होतं आणि उपग्रहावरून देशभर पोहोचायला त्याला १९७५ साल उजाडलं. म्हणजे झेड सुरू झाली तेव्हा अशा वाहिनीने काय दाखवावं याचा कसलाही शिरस्ता ठरलेला नव्हता. सुरुवातीच्या झेडवर नवेजुने सगळ्या तऱ्हेचे चित्रपट लागत.

वाहिनीचा मालक केबल कंपनीच होता, ही बाब पुढच्या सगळ्या हकिकतीत महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या वाचकाला केबलवाला आणि वाहिनी हे दोन वेगळे धंदे म्हणून ठाऊक आहेत. केबलवर जागा मिळवायला वाहिनीनेच पैसे मोजायचे, हा प्रकारही आपण पाहिला. झेडला जागा मागायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. घरात तार आधीच पोहोचलेली होती.

आणि ती घरं कुणाची? सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, हॉलीवूडच्या टेकड्या. दिग्दर्शक, संकलक, नट, लेखक, स्टुडिओतले अधिकारी, एजंट यांच्या वस्त्या. जगात दुसऱ्या कुठल्याही वाहिनीला असा प्रेक्षक मिळालेला नाही. लाखभर घरं हा आकडा जाहिरातदाराच्या दृष्टीने किरकोळ होता. पण त्या घरांतला एखादा माणूस उद्या कुणाला काम देणार होता, एखादा ऑस्करचं मत देणार होता.

याचा प्रत्यय हार्वी यायच्या आधीच आला होता. वुडी ॲलनचा 'ॲनी हॉल' १९७७ मध्ये आला. ऑस्करचं मतदान चालू असताना झेडने तो दाखवला. तेव्हा मतदारांना घरी व्हिडिओ कॅसेट पाठवायची पद्धत नव्हती. चित्रपट पाहायचा तर थिएटरात किंवा खास खेळाला जायचं. एप्रिल १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'ला मागे टाकून 'ॲनी हॉल' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि त्यात झेडच्या प्रक्षेपणाचा हात होता असं तेव्हापासून मानलं जातं. नेमका किती हात होता हे मोजणं अशक्य आहे. पण स्टुडिओंच्या लोकांना त्यातून उमगायचं ते उमगलं.

निवड करणारा माणूस

जेरी हार्वीचा जन्म १९४९ चा, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. टीव्हीत येण्याआधी तो बेव्हर्ली हिल्समधल्या बेव्हर्ली कॅनन या थिएटरसाठी चित्रपट निवडत असे. १९७४ मध्ये त्याने तिथे सॅम पेकिनपाचा 'द वाइल्ड बंच' न कापलेल्या स्वरूपात दाखवला आणि खुद्द पेकिनपाला बोलावलं. मॉन्टी हेलमनच्या 'चायना ९, लिबर्टी ३७' या १९७८ सालच्या वेस्टर्नचा तो सहलेखक होता. त्यानंतर सिलेक्टीव्ही या दुसऱ्या पैसे भरून बघायच्या सेवेत काम करून, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो झेडवर आला.

त्याने जे केलं ते फिल्म सोसायटी चालवणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. फरक असा, की सोसायटीत महिन्याला दोन-चार खेळ होतात आणि हार्वीच्या हातात दिवसाचे चोवीस तास होते. बर्गमन, फेलिनी, कुरोसावा यांच्या शेजारी तो हॉलीवूडचे मोठे गल्लाभरू चित्रपट लावी, विस्मृतीत गेलेली वेस्टर्न लावी, मूकपट लावी, रात्री उशिरा 'नाइट आउल' या नावाखाली युरोपातले शृंगारिक चित्रपट लावी. या सरमिसळीतच त्याचं कसब होतं, असं मला वाटतं. ज्याने 'स्टार वॉर्स'साठी वर्गणी भरली त्याच्यासमोर रात्री अकराला इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी येऊन उभा राहायचा. निव्वळ आर्टहाउसची, म्हणजे कलात्मक चित्रपटांची वाहिनी असती तर तिला आधीपासून पटलेला प्रेक्षकच मिळाला असता. हार्वीला न पटलेला प्रेक्षक हवा होता, आणि तो केबलच्या तारेला आधीच जोडलेला होता.

झेड दरमहा एक मासिक काढायची. त्यात वेळापत्रक असे, आणि त्या महिन्यातल्या चित्रपटांवर लिहिलेलंही असे. समीक्षक एफ. एक्स. फीनी यांनी तिथे बरंच लिहिलं. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे समीक्षक चार्ल्स चॅम्पलिन झेडवर 'ऑन द फिल्म सीन' हा मुलाखतींचा कार्यक्रम करत. म्हणजे चित्रपट नुसता दाखवून सोडून दिला जात नव्हता. तो कुणी केला, कुठल्या साली केला, त्याचं पुढे काय झालं, हे सांगून मग तो समोर यायचा. एकच चित्रपट महिन्यात वेगवेगळ्या वेळी पुन्हा लागायचा, त्यामुळे पहिल्यांदा हुकलेला माणूस कुणाकडून तरी ऐकून दुसऱ्यांदा गाठू शकत असे. एखाद्या वेगळ्या चित्रपटाची कुजबुज पसरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ हे वेळापत्रक त्याला देत होतं. थिएटरात पहिल्या आठवड्यात गल्ला नाही म्हणून चित्रपट उतरवला जातो. इथे तो प्रश्नच नव्हता.

चौकटीचा मुद्दाही सांगायला हवा. सिनेमाचा पडदा आडवा, तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी. बहुतेक वाहिन्या चित्राच्या दोन्ही बाजू छाटून पडदा भरून टाकत. झेडने काही चित्रपट वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून, मूळ आकारात दाखवले. असं करणाऱ्या पहिल्या वाहिन्यांपैकी ती एक होती. आज हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या चित्रपटात दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना बसून बोलतात, त्यात छाटलेल्या चित्रात एक माणूस कायम गायब असतो.

दोन चित्रपट आणि कात्री

झेडचं सगळ्यात मोलाचं काम इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मायकेल चिमिनोचा 'हेवन्स गेट' नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी २१९ मिनिटं. खर्च ४ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात गेलेला. समीक्षकांनी, विशेषतः 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिन्सेंट कॅन्बींनी, त्याच्या चिंधड्या उडवल्या. चित्रपट आठवड्याभरात मागे घेतला गेला आणि एप्रिल १९८१ मध्ये १४९ मिनिटांचा होऊन परत आला. तरी पडला. जेमतेम ३५ लाख डॉलर आले. युनायटेड आर्टिस्ट्स ही चॅप्लिन, पिकफोर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी मिळून काढलेली कंपनी त्याच वर्षी एमजीएमला विकली गेली. पुढे कितीतरी वर्षं दिग्दर्शकाला मोकळीक दिली की काय होतं याचा दाखला म्हणून हॉलीवूडमध्ये याच चित्रपटाचं नाव घेतलं जाई. गंमत अशी, की नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला होता. लांब आवृत्ती तर न्यूयॉर्कबाहेर जवळजवळ कुणालाच दिसली नव्हती.

२४ डिसेंबर १९८२ च्या रात्री, नाताळच्या आदल्या दिवशी, झेडने ती २१९ मिनिटांची आवृत्ती लावली.

हे झेडलाच का जमलं, याचं उत्तर हिशेबात आहे. थिएटरवाल्यासाठी पावणेचार तासांचा चित्रपट म्हणजे दिवसाचे दोन खेळ बुडाले. साध्या टीव्ही वाहिनीसाठी तो म्हणजे जाहिरातींसकट साडेचार-पाच तास अडकले. पण महिन्याची वर्गणी घेणाऱ्या वाहिनीला चित्रपटाच्या लांबीचा काहीच भुर्दंड पडत नाही; उलट वर्गणीदाराला वेगळं काहीतरी मिळाल्याचं समाधान. पे टीव्हीच्या व्यवहारात हक्कांची किंमत बहुधा ग्राहकसंख्येला जोडलेली असते, त्यामुळे पडलेला, डब्यात गेलेला चित्रपट लाखभर घरांसाठी घेणं परवडण्याजोगं होतं. आणि स्टुडिओची गोदामं, त्यांचे वकील, खुद्द दिग्दर्शक, सगळे त्याच शहरात. हार्वीचा हट्ट या सगळ्याच्या जोडीला होता. हट्ट एकटा असता तर एखादा खेळ लागला असता, बेव्हर्ली कॅननसारखा. वाहिनीमुळे तो हट्ट घराघरात गेला.

परिणाम काय झाला? चित्रपट एका रात्रीत थोर ठरला नाही, आणि आजही त्याबद्दल दोन मतं आहेत. पण लोक आता ज्यावर बोलत होते तो चित्रपट त्यांनी पाहिला होता. पुढे घरगुती व्हिडिओवर लांब आवृत्ती आली, आणि २०१२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चिमिनोच्या देखरेखीखाली नव्याने सिद्ध केलेली २१६ मिनिटांची प्रत दाखवली गेली. बत्तीस वर्षांनी का होईना, चित्रपटाला असा परतीचा रस्ता मिळण्याची सवय अमेरिकेत लागली ती त्या नाताळाच्या रात्रीपासून, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'. १९८४ च्या कान महोत्सवात तो २२९ मिनिटांचा होता. अमेरिकेतल्या वितरकाने त्याला कात्री लावून १३९ मिनिटांचा केला. दीड तास गेला. पण खरा घाव मिनिटांचा नव्हता. लिओनेचा चित्रपट काळात मागेपुढे जातो: एक म्हातारा माणूस १९६८ मध्ये न्यूयॉर्कला परततो, आणि आपण त्याच्याबरोबर १९३३ मध्ये, तिथून त्याच्या पोरवयात, पुन्हा म्हातारपणात असे हिंडतो. सुरुवातीला एक फोन वाजत राहतो, वाजतच राहतो, अफूच्या अड्ड्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून एका पार्टीत, तरी तो वाजतोय. तो फोन नेमका कुणी केला आणि त्याने काय घडलं, हे ओझं पुढचे पावणेचार तास त्या माणसाच्या खांद्यावर आहे. छोट्या आवृत्तीत हे सगळं उलगडून सरळ केलं होतं. आधी पोरवय, मग तारुण्य, मग म्हातारपण. पश्चात्तापाचा चित्रपट होता, त्याचा गुंडांचा इतिहास झाला. अमेरिकन प्रेक्षकाला वाटलं, लिओने संपला.

झेडने छोटी आवृत्तीही दाखवली आणि मोठीही. मला यातला हा 'आणि' फार महत्त्वाचा वाटतो. नुसती मोठी दाखवली असती तर तो एका चांगल्या चित्रपटाचा खेळ झाला असता. दोन्ही दाखवल्यामुळे संकलन म्हणजे काय, आणि दिग्दर्शकाच्या पाठीमागे कात्री चालवली की काय उरतं, याचा धडा वर्गणीदाराला घरी बसल्या मिळाला. त्या वर्गणीदारांत उद्याचे संकलक होते आणि कात्री चालवा असं सांगणारे अधिकारीही होते. बेर्तोलुचीचा '१९००', व्हिस्कोंतीचा 'द लेपर्ड' असे परदेशी चित्रपटही अमेरिकेत तोडून-मोडून आले होते. त्यांनाही झेडवर हक्काची जागा मिळाली.

मतदार

१९८६ च्या मार्चमध्ये ऑलिव्हर स्टोनचा 'साल्वाडोर' आला आणि गेला. त्याच वर्षाच्या शेवटी स्टोनचाच 'प्लॅटून' आला आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. मोठ्या प्रचाराला पैसे नसलेला, विस्मरणात गेलेला 'साल्वाडोर' झेडने ऑस्करच्या हंगामात पुन्हापुन्हा लावला. जेम्स वुड्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं, पटकथेलाही मिळालं. वुड्सने पुढे उघडपणे सांगितलं की आपलं नामांकन झेडमुळे. पुरस्कार पॉल न्यूमनला गेला, पण वुड्सची गणना त्यानंतर वेगळ्या रांगेत होऊ लागली.

आज हॉलीवूडमध्ये मतदारांना घरपोच चित्रपट पोहोचवण्याची सगळी यंत्रणा आहे. त्या यंत्रणेत ज्याच्याकडे पैसा त्याचा चित्रपट वर राहतो. झेडवर कुणाचा चित्रपट मतदाराच्या घरात जाणार हे एक जाणता माणूस ठरवत होता, निर्मात्याची ऐपत ठरवत नव्हती. हा फरक मला तरी मोठा वाटतो.

झेडच्या कक्षेबाहेर राहणाऱ्यांपर्यंतही ती पोहोचत होती. क्वेंटिन टॅरंटिनो शहराच्या दक्षिणेकडच्या भागात राहायचा, तिथे झेड दिसत नसे. झेडवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट व्हिडिओच्या दुकानातल्या ओळखींतून त्याच्यापर्यंत येत, आणि त्यांवर त्याने कितीतरी सिनेमा पाहिला. जिथवर तार नव्हती तिथवर कॅसेट गेली.

एप्रिल १९८८

९ एप्रिल १९८८ ला जेरी हार्वीने राहत्या घरी आपल्या पत्नीचा गोळी घालून खून केला आणि मग स्वतःला संपवलं.

झेडबद्दल लिहिताना या घटनेचं काय करायचं, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. बरेच जण तिला कलासक्त माणसाच्या शोकांतिकेचा शेवटचा अंक करून टाकतात. मला ते मान्य नाही. एका बाईचा जीव तिच्या नवऱ्याने घेतला, आणि तो माणूस सिनेमाच्या वेडाने झपाटलेला होता म्हणून त्या कृत्याला सिनेमातला अर्थ येत नाही. तो बराच काळ नैराश्याने ग्रासलेला होता, त्याचे मित्रही हे सांगतात. त्याचं काम थोर होतं आणि त्याने खून केला. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावी लागतात. एकाने दुसरं पुसता येत नाही.

वाहिनीपुरतं बोलायचं तर, चित्रपट कुठे आहे, हक्क कुणाकडे आहेत, कुठली प्रत अखंड आहे, कुणाला फोन केला की ती मिळेल, हे बहुतांशी एका माणसाच्या डोक्यात आणि ओळखींत होतं. सहकारी तयारीचे होते, आणि त्यांनी पुढे वर्षभराहून अधिक काळ झेड चालवलीही. तरीही संस्थेने हे ज्ञान स्वतःचं करून ठेवलं नव्हतं.

पण झेड हार्वीच्या मृत्यूमुळे बंद पडली, हे म्हणणं मला चुकीचं वाटतं. तिचा शेवट आधीच सुरू झाला होता.

मालक बदलले तेव्हा

१९८१ मध्ये वेस्टिंगहाउसने टेलिप्रॉम्प्टर विकत घेतली आणि झेड ग्रुप डब्ल्यूच्या, म्हणजे वेस्टिंगहाउसच्याच प्रक्षेपण शाखेच्या छत्राखाली आली. दशकाच्या शेवटाकडे वाहिनी सिॲटलच्या एका कंपनीकडे गेली. नव्या मालकांना एक लाख वर्गणीदारांची, सधन वस्त्यांतली, एका शहरापुरती वाहिनी हातात आलेली दिसली. अशा वाहिनीवर सगळ्यात जास्त पैसे कशाचे मिळतात? त्या शहराच्या संघाचे. १९८८ च्या सुमारास झेडवर चित्रपटांबरोबर डॉजर्स आणि एंजल्स या बेसबॉल संघांचे सामने येऊ लागले. त्याच वर्षी डॉजर्सनी वर्ल्ड सीरीज ही बेसबॉलची अंतिम स्पर्धा जिंकली, म्हणजे बेसबॉलला याहून चांगलं वर्ष मिळालं नसतं. सामन्यांबरोबर जाहिराती आल्या, आणि जाहिराती दाखवणाऱ्या वाहिनीला चित्रपट द्यायचे की नाही, यावरून करारांच्या अटी आडव्या आल्या. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. हे दोन प्रेक्षक एका वेळापत्रकात नांदू शकत नाहीत, हे वर्षभरात सगळ्यांनाच दिसलं. चित्रपटवाल्याला मधेच नऊ डाव नको होते, आणि सामन्यासाठी आलेल्याला इटालियन संवाद नको होते.

मग केबलव्हिजन या कंपनीने ती घेतली आणि चित्रपट पूर्ण काढून टाकले.

आता इथे एक तपशील आहे, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ज्या केबलव्हिजनने झेडची क्रीडावाहिनी केली, तिच्याच रेनबो या शाखेकडे ब्राव्हो ही वाहिनी होती, आणि ब्राव्हो १९८० पासून परदेशी चित्रपट आणि कलाविषयक कार्यक्रम दाखवत होती. तिच्याच रेनबोने १९९४ मध्ये इंडिपेंडंट फिल्म चॅनेल सुरू केलं. म्हणजे या कंपनीला आर्टहाउस सिनेमाचं वावडं नव्हतं, त्याला गिऱ्हाईक नाही असंही तिला वाटत नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. आर्टहाउसचा प्रेक्षक प्रत्येक शहरात थोडा असतो, तेव्हा त्याची वाहिनी उपग्रहावरून देशभर न्यावी म्हणजे थोडे-थोडे मिळून पुष्कळ होतात. बेसबॉलचा प्रेक्षक एकाच शहरात पुष्कळ असतो, तेव्हा शहरापुरत्या वाहिनीवर सामने दाखवावेत. या हिशेबात लॉस एंजेलिसपुरती सिनेवाहिनी ही चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू ठरते.

धंद्याच्या दृष्टीने हा हिशेब चूक म्हणता येत नाही. त्यात फक्त एक गोष्ट धरलेली नव्हती. झेडची किंमत तिच्या प्रेक्षकांच्या संख्येत नव्हतीच, ते प्रेक्षक कोण आहेत यात होती. देशभर पसरलेल्या वाहिनीवर लागलेला पडका चित्रपट हजारो गावांत थोड्या-थोड्या लोकांना दिसतो. झेडवर लागलेला पडका चित्रपट दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये बोलण्यात यायचा. या परिणामाचं मोल वाहिनीच्या मालकाच्या खात्यात कधीच जमा होत नव्हतं. ते चिमिनोच्या, लिओनेच्या, वुड्सच्या खात्यात जात होतं. ज्यांचा फायदा होत होता त्यांच्यापैकी कुणी वाहिनीचा मालक नव्हता, आणि जो मालक होता त्याला फायदा दिसत नव्हता. झेड पडली ती या फटीत.

आपल्याकडे उलट बाजूने असंच काही घडलं. २००८ मध्ये मुंबईच्या यूटीव्हीने वर्ल्ड मूव्हीज आणि एनडीटीव्हीने लुमिए अशा जागतिक सिनेमाच्या दोन वाहिन्या एकाच वर्षी काढल्या. दोन्हींची निवड उत्तम होती. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांत ज्या चित्रपटांसाठी लोक रांग लावत, ते घरच्या टीव्हीवर आले. पण तेव्हाच्या केबलवर जागा मोजकी होती, कॅरेज फी, म्हणजे केबलवाल्याला जागेचे पैसे, भरून ती मिळवायची, आणि थोडक्यांसाठी असलेल्या वाहिनीला जाहिरातींवर ती भरून काढता येत नव्हती. दोन्ही वाहिन्या काही वर्षांत गेल्या. थीटा केबलकडे जे आयतं होतं, घरापर्यंत गेलेली स्वतःची तार आणि वर्गणी, नेमकं तेच त्यांच्याकडे नव्हतं.

मालकाचा प्रश्न तंत्रज्ञान बदललं म्हणून सुटलेला नाही. अभिजात आणि आर्टहाउस चित्रपटांची फिल्मस्ट्रक ही ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाली, एटीअँडटी या दूरसंचार कंपनीने तिची मालक कंपनी टाइम वॉर्नर घेतल्यानंतर काही महिन्यांत. नामवंत दिग्दर्शकांनी पत्रं लिहून ती वाचवायला सांगितलं होतं. तिच्यातला एक हिस्सा वाचला, कारण अभिजात चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं. निवड करणारी संस्थाच या वेळी मालक झाली. झेडच्या बाबतीत ही शक्यता कुणी आजमावलीही नव्हती.

बंद पडल्यानंतर

२००४ च्या कान महोत्सवात झॅन कॅसावेटीस हिने झेडवर केलेला माहितीपट दाखवला गेला. दिग्दर्शक जॉन कॅसावेटीस आणि अभिनेत्री जीना रोलंड्स यांची ही मुलगी. रॉबर्ट ऑल्टमन, जिम जार्मुश, पॉल व्हरहोवन, अलेक्झांडर पेन, टॅरंटिनो, वुड्स, झेडमधले सहकारी, असे अनेक जण त्यात बोलतात. हार्वीने केलेल्या खुनाकडेही माहितीपट पाठ फिरवत नाही.

त्यात स्टुअर्ट कूपरच्या 'ओव्हरलॉर्ड' या चित्रपटाची काही दृश्यं आहेत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याआधीचे एका तरुण ब्रिटिश सैनिकाचे दिवस. चित्रपटाचा बराच भाग लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममधल्या खऱ्या युद्धचित्रणातून जोडलेला, आणि जॉन ऑलकॉटने नवं चित्रण असं केलेलं की जोड कुठे आहे ते चटकन कळत नाही. १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला होता, पण अमेरिकेत वितरक मिळाला नव्हता. तिथे तो झेडवर दिसला होता. माहितीपटातली दृश्यं पाहून लोक त्याची चौकशी करू लागले, आणि २००६ मध्ये तो अमेरिकेतल्या थिएटरांत पहिल्यांदा लागला. पुढच्या वर्षी क्रायटेरियनने त्याची डीव्हीडी काढली. झेडने निवडलेला चित्रपट झेड बंद होऊन सतरा वर्षं झाल्यावर प्रदर्शित झाला, आणि चालला.